एका अक्षराची चूक : जुन्या रणभूमीवर सर्व्हेअर काय शिकतात?

मागच्या ख्रिसमसला माझा मामा सुट्टीवर घरी आला. तो आखातातल्या एका कंपनीत सर्व्हेअर आहे. वीस वर्षं जमीन मोजण्यातच गेली त्याची. येण्याआधी तो त्याच्या व्यवसायातल्या मंडळींबरोबर आठवडाभराच्या अभ्यासदौऱ्यावर बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सला जाऊन आला होता. आम्ही सगळे नेवऱ्या आणि कुलकुलं घेऊन फोटो बघायला बसलो. वाटलं, आता आयफेल टॉवर दिसेल. दिसलं काय? कालव्याचे दरवाजे. पाण्याने भरलेला एक भला मोठा खड्डा. मेंढ्या चरत असलेलं उंचसखल रान. बिटाचं एक शेत, आणि त्याच्यापासून साडेपाच किलोमीटरवरचं तसलंच दुसरं शेत. आणि मग पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा.

आजी म्हणाली, "हे बघायला एवढे पैसे घातलास?"

मामा हसला. "आई, बाकीच्यांना तिथं नुसती शेतं दिसतात. आमच्या लायनीतल्या माणसाला शाळा दिसते."

मग त्याने त्या दोन शेतांची गोष्ट सांगितली. ती एका लेखकाच्या मुलाची निघाली. मी साहित्याची विद्यार्थिनी, त्या लेखकाची कादंबरी वाचलेली, तरी ही गोष्ट मला माहीत नव्हती. पुढचे दोन-तीन महिने मी या विषयावर मिळेल ते वाचत होते. त्यातून जे समजलं ते आपल्या मंडळाच्या वाचकांसाठी मांडते आहे. थोडं गणित येईल, पण घाबरू नका. मला जमलं म्हणजे तुम्हालाही जमेल.

एक अधिकारी, एक कारकून

पहिलं महायुद्ध १९१४ च्या जुलैअखेरीस सुरू झालं. ब्रिटिश फौज फ्रान्समध्ये उतरली तेव्हा तिच्या मुख्यालयात नकाशांची जबाबदारी एक अधिकारी आणि एक कारकून यांच्यावर होती. इतकंच. लढाई चालती-फिरती असेल, काही महिन्यांत आटपेल, असाच सगळ्यांचा अंदाज होता. फ्रान्सचे जे नकाशे हाताशी होते ते १:८०,००० प्रमाणाचे आणि बरेच जुने. डोंगरउतार त्यांत बारीक रेघोट्यांनी दाखवलेले. रस्ता शोधायला ते पुरे होते, पण तोफ डागायला नाही.

मग दोन्ही सैन्यांनी खंदक खणले, आणि उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत साधारण ७०० किलोमीटरची आघाडी जागच्या जागी थिजली. तोफा टेकड्यांच्या आड गेल्या. गोलंदाजाला आता शत्रू डोळ्यांनी दिसेना. न दिसणाऱ्या गोष्टीवर नेम धरायचा तर तीन प्रश्नांची उत्तरं लागतात. मी नेमका कुठे आहे? तो नेमका कुठे आहे? आमच्यातलं अंतर आणि दिशा काय?

हे तिन्ही प्रश्न सर्व्हेअरचे आहेत. आपल्या गावात मोजणीला आलेला माणूसही दुसरं काही विचारत नाही. फरक इतकाच की इथे हद्दीचा दगड सरकला तर दोन भाऊ कोर्टात जातात, आणि तिथे आकडा चुकला तर तोफगोळा आपल्याच लोकांवर पडायचा.

म्हणून युद्धाच्या चार वर्षांत मोजणीचं काम फुगत गेलं. युद्ध संपताना ब्रिटिश फौजेच्या मोजणी पथकांत काही हजार माणसं होती, आणि ब्रिटिशांनी छापलेल्या नकाशांची संख्या तीन कोटींच्या वर गेली होती. फ्रान्समधलं न्यव्ह शापेल हे गाव यासाठी आठवलं जातं. तिथे मार्च १९१५ मध्ये झालेल्या चढाईआधी विमानातून जर्मन खंदकांचे फोटो काढून त्यावरून नकाशे बनवले आणि ते फौजेला वाटले. त्या चढाईत भारतीय सैनिक मोठ्या संख्येने होते. पश्चिम आघाडीवर बेपत्ता झालेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं कोरलेलं स्मारक आज त्याच गावाशेजारी उभं आहे.

खंदकाचा पत्ता कसा लिहायचा?

आता थोडं लक्ष द्या, कारण पुढची सगळी गोष्ट या पत्त्यावरच अवलंबून आहे.

रणभूमीवर घर नंबर नसतात. गाव असलं तर ते जमीनदोस्त झालेलं. तेव्हा पत्ता सांगायचा कसा? ब्रिटिशांनी नकाशावर चौकोनांची जाळी टाकली. प्रत्येक नकाशापत्रकाला एक क्रमांक. पत्रकावर मोठे चौकोन, त्यांना इंग्रजी अक्षरं : ए, बी, सी, डी अशी. मोठ्या चौकोनाची रुंदी ६,००० यार्ड. प्रत्येक मोठ्या चौकोनात १,००० यार्डांचे छोटे चौकोन, त्यांना १ पासून आकडे, एका ओळीत सहा. त्या प्रत्येक छोट्या चौकोनाचे पुन्हा चार भाग : वरती ए आणि बी, खालती सी आणि डी. हा भाग झाला ५०० यार्डांचा. शेवटी त्या भागाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून पूर्वेला किती दशांश आणि उत्तरेला किती दशांश, हे दोन आकडे. एक दशांश म्हणजे ५० यार्ड.

उदाहरण घेऊ. 'जी.२५.सी.६.८'. म्हणजे जी अक्षराच्या मोठ्या चौकोनात जा. त्यातला २५ नंबरचा चौकोन शोधा. त्याचा सी भाग, म्हणजे खालचा डावा. त्याच्या कोपऱ्यातून ३०० यार्ड पूर्वेला आणि ४०० यार्ड उत्तरेला चाला. पोहोचलात. एक अक्षर, एक आकडा, परत एक अक्षर आणि दोन आकडे, एवढ्यावर साऱ्या पत्रकातली ५० यार्डांची जागा हाती लागते. मला तर ही रचना एखाद्या घट्ट बांधलेल्या ओवीसारखी वाटली. एकही अक्षर फालतू नाही.

पण घट्ट रचनेचा धोकाही असतो. जिथे एकही अक्षर जादा नाही, तिथे एक अक्षर चुकलं तर सावरायला काही उरत नाही. हा पत्ता लक्षात ठेवा. आपण परत याच्याकडे येणार आहोत.

पाण्याची पातळी, जमिनीखालची दिशा

मामाचा दौरा बेल्जियमच्या किनाऱ्यावर न्यूपोर्टला सुरू झाला. कालव्याच्या दरवाज्यांचे फोटो तिथलेच. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीला जर्मन फौज इथे समुद्राला लागून पुढे सरकत होती आणि बेल्जियमची थकलेली सेना मागे हटत होती. तिथली जमीन सखल, भरतीच्या पाण्यापेक्षा खालची. पाण्याची वाट ओळखणाऱ्या स्थानिक माणसांच्या मदतीने सैनिकांनी भरतीच्या वेळी दरवाजे उघडले आणि ओहोटीच्या वेळी बंद केले. असं काही रात्री केल्यावर समुद्र आत शिरला आणि रेल्वेच्या भरावाला अडून साचून राहिला. भरावाखालच्या मोऱ्या आधीच बुजवल्या होत्या. जर्मनांची वाट बंद झाली, आणि तो तलाव युद्ध संपेपर्यंत तसाच राहिला. फूट-दोन फुटांची पातळी चुकली असती तर पाणी स्वतःच्याच खंदकांत आलं असतं.

पाण्याने भरलेला खड्डा होता मेसिन टेकडीजवळचा. ७ जून १९१७ च्या पहाटे इथे जर्मन फळीच्या खाली एकापाठोपाठ १९ सुरुंग उडवले गेले. ते पेरायला महिनोन्‌महिने बोगदे खणले होते. जमिनीखाली ना सूर्य दिसतो ना तारा. किती चाललो आणि कुठे वळलो याची नोंद प्रत्येक वळणावर करत जायची, आणि शेवटी आपण शत्रूच्या बरोबर पायाखाली आहोत हे कागदावरच्या हिशेबाने मानायचं. काही सुरुंग पेरले, पण उडवलेच नाहीत. त्यांतला एक तब्बल ३८ वर्षांनी, १९५५ मध्ये, वीज पडून फुटला. गोठ्यातलं किंवा घरातलं कुणी नाही, शेतातली एक गाय मेली. मामा म्हणाला, "काम संपलं म्हणून नकाशा फाडायचा नसतो, हे मी तिथं शिकलो."

आवाज मोजणारा शास्त्रज्ञ

पुढचा मुक्काम फ्रान्समधल्या विमी टेकडीचा. मेंढ्यांचा फोटो तिथला. जमिनीत अजून न फुटलेले गोळे आहेत, म्हणून काही भागांत गवत कापायला माणूस किंवा यंत्र जात नाही, मेंढ्या सोडतात. एप्रिल १९१७ मध्ये कॅनडाच्या फौजेने ही टेकडी घेतली. चढाईआधीच जर्मनांच्या बहुतेक तोफांच्या जागा त्यांनी शोधून ठेवल्या होत्या. टेकडीमागच्या, झाडांत लपवलेल्या तोफा सापडल्या कशा?

एक मार्ग सोपा होता. दोन-तीन ठिकाणी माणसं बसवायची, तोफेचा रात्रीचा लखलखाट दिसला की प्रत्येकाने दिशा टिपायची, आणि त्या रेषा नकाशावर जिथे एकमेकींना छेदतात तिथे तोफ. दुसरा मार्ग आवाजाचा, आणि तो घडवणाऱ्यांत होते लॉरेन्स ब्रॅग. १९१५ मध्ये वडिलांबरोबर त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा त्यांचं वय फक्त २५ होतं. त्याच वर्षी त्यांचा भाऊ गॅलिपोलीच्या आघाडीवर मारला गेला.

पद्धत अशी. आघाडीच्या मागे एका ओळीत सहा मायक्रोफोन ठेवायचे. तोफेचा आवाज प्रत्येकापर्यंत थोड्या वेगळ्या क्षणी पोहोचतो. तो फरक पट्टीवर टिपायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात साडेतीन मीटरच्या आसपास. फरकावरून रेषा काढायच्या, आणि त्या जिथे मिळतात तिथे तोफ. सुरुवातीला एक अडचण होती. साध्या मायक्रोफोनला गोळ्याचा कडाड आवाज ऐकू यायचा, पण तोफेचा खोल दणका पकडता येत नव्हता. विल्यम टकर या सहकाऱ्याने त्यावर उपाय काढला : तापवलेली बारीक तार. दणक्याबरोबर येणारा हवेचा झोत लागला की तार क्षणभर थंड होते आणि तेवढीच नोंद होते.

पण या सगळ्या हुशारीच्या तळाशी एक साधं काम होतं. ते सहा मायक्रोफोन जमिनीवर नेमके कुठे आहेत, हे आधी मोजलेलं असायला हवं. स्वतःची जागा चुकली तर दुसऱ्याची जागा कधीच बरोबर येणार नाही. मामाने हे वाक्य दोनदा म्हटलं. मला ते फक्त सर्व्हेअरपुरतं वाटलं नाही.

या मोजणीचा मोठा परिणाम काम्ब्रे इथे दिसला. तोवरची रीत अशी की चढाईआधी तोफांनी चाचणीचे गोळे टाकून नेम जुळवायचा. त्यामुळे शत्रू सावध व्हायचा. २० नोव्हेंबर १९१७ च्या सकाळी सुमारे १,००० तोफांनी चाचणीचा एकही गोळा न टाकता एकदम मारा सुरू केला. प्रत्येक तोफेची जागा आणि दिशा आधीच नकाशावर पक्की केलेली होती. त्या दिवशी चाललेल्या रणगाड्यांची आठवण सगळे काढतात, साखळी धरणाऱ्यांची कुणी काढत नाही.

इथे थांबून एक गोष्ट मान्य करायला हवी. ही सगळी अक्कल माणसं मारायला वापरली गेली. नकाशा जितका अचूक, तितकी मरणं अचूक. मी मामाला हे विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "खरंय. पण त्याच नकाशांनी पुढं दुसरं काम केलं. ते ऐक."

युद्ध संपल्यावरची मोजणी

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये तोफा थांबल्या. उरली ती चाळण झालेली जमीन. शेताचे बांध, पायवाटा, झाडं, हद्दीचे दगड काही जागेवर नव्हतं. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या काळापासून, १८०७ च्या कायद्याने, प्रत्येक शेताचा तुकडा मोजून नोंदवलेला होता. पण कागदावरचा तुकडा जमिनीवर दाखवायचा कुठे? १९१९ मध्ये त्यासाठी फ्रान्सला खास कायदा करावा लागला. काही जमीन इतकी बिघडली होती की ती शेतीला परत दिलीच नाही. व्हर्दूनच्या आसपासची नऊ गावं नष्ट झाली, त्यांतली सहा पुन्हा कधी वसली नाहीत. फ्लरी नावाच्या त्यांतल्या एका गावात आज झाडीतल्या पायवाटेवर खुणा लावल्या आहेत : इथे रस्ता होता, इथे अमुक धंद्याचं घर होतं. एकही रहिवासी नाही, तरी अशा गावांना अजून महापौर नेमले जातात. गाव मेलं, पण नोंदवहीतून उठवलं नाही.

आणि माणसं? लाखो देह जिथे पडले तिथेच घाईने पुरलेले होते, किंवा पुरलेलेही नव्हते. १९१७ मध्ये ब्रिटिश साम्राज्याने युद्धातल्या कबरींसाठी एक आयोग नेमला. नियम असा ठरला की मृतदेह मायदेशी न्यायचे नाहीत आणि दगड सगळ्यांना एकसारखा, सरदार असो की शिपाई. मग शोधपथकं निघाली. त्यांनी तेच जुने खंदकांचे नकाशे घेतले. ५०० यार्डांचा चौकोन आखायचा, माणसांची रांग करायची आणि पावलापावलाने तपासत जायचं. जमिनीत खोचलेली बंदूक, गवताचा वेगळा रंग, साचलेल्या पाण्यावरची हिरवट-काळी झाक या त्यांच्या खुणा. देह मिळाला की अंगावरची चिन्हं लिहायची, आणि पुढे जिथे मिळाला त्या जागेचा पत्ता : अक्षर, आकडा, अक्षर, दोन आकडे.

तोच पत्ता, जो तोफांसाठी बनवला होता.

जी की एच?

आता ते दोन बिटांचे शेत.

रडयार्ड किपलिंग आपल्याला परका नाही. त्याचा जन्म १८६५ चा, मुंबईचा. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. १९०१ मध्ये आलेल्या त्याच्या 'किम' या कादंबरीत एक अनाथ आयरिश पोरगा लाहोरच्या रस्त्यांवर वाढतो, पुढे लखनौच्या एका कॅथलिक शाळेत जातो, आणि तिथे त्याला काय शिकवतात? मोजणी. साखळी धरायला, नकाशा काढायला, पावलं मोजून अंतर ठरवायला. पावलांचा हिशेब चुकू नये म्हणून जपमाळेचे मणी ओढायचे, ही युक्तीसुद्धा त्यात आहे. ती कल्पना नव्हे. हिमालयापलीकडे गुपचूप मोजणी करणारे नैनसिंगसारखे पंडित १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ बाळगत. मी कादंबरी वाचली तेव्हा मला आजीची रोझरी आठवली होती. बाकी मोजणीचं प्रकरण मी सोडून दिलं होतं.

'किम' छापून आली तेव्हा किपलिंगचा मुलगा जॉन चार वर्षांचा होता. युद्ध सुरू झालं तेव्हा सोळा. त्याची नजर इतकी अधू होती की सैन्याने त्याला घेतलं नाही. वडिलांनी ओळख वापरली आणि त्याला आयरिश गार्ड्स या पलटणीत जागा मिळवून दिली. २७ सप्टेंबर १९१५ ला फ्रान्समध्ये लूस इथल्या लढाईत तो बेपत्ता झाला. अठरावा वाढदिवस होऊन सहा आठवडे झाले होते.

किपलिंग दांपत्याने त्याला वर्षानुवर्षं शोधलं. परतलेल्या सैनिकांना गाठून विचारलं. किपलिंगने त्या पलटणीचा दोन खंडी इतिहास लिहिला. तो कबर आयोगाचा सल्लागारही झाला. ज्यांची ओळख पटली नाही अशांच्या दगडांवर, याला फक्त देव ओळखतो, अशा अर्थाची जी ओळ आहे ती त्यानेच निवडलेली. १९३६ मध्ये तो गेला. मुलगा सापडला नव्हता.

खरं तर १९१९ मध्येच एक देह सापडला होता. आयरिश गार्ड्सचा लेफ्टनंट, नाव अज्ञात. सापडल्याची जागा लिहिली होती : जी.२५.सी.६.८. तुम्ही आत्ता चालून आलात तीच. पण त्या जागी आयरिश गार्ड्सची चढाई झालीच नव्हती. म्हणून कुणाला दुवा लागला नाही. तो देह सेंट मेरीज नावाच्या युद्धस्मशानात बिननावाच्या दगडाखाली ठेवला गेला.

१९९२ मध्ये आयोगात जुनी कागदपत्रं तपासताना शंका आली : लिहिणाऱ्याकडून अक्षर तर चुकलं नाही? जी च्या शेजारचा चौकोन एच. बाकी सगळं तेच ठेवून एच.२५.सी.६.८ धरलं, तर जागा बरोबर ६,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोमीटर पूर्वेला सरकते. आणि तिथेच आयरिश गार्ड्स लढले होते. त्या भागात बेपत्ता असलेला तसा अधिकारी होता जॉन किपलिंग. दगडावर नाव कोरलं गेलं. पुढे काही अभ्यासकांनी या ओळखीवर शंका घेतली, वाद बरेच चालले, पण आयोगाने नाव कायम ठेवलं आहे.

मामाच्या गटाने फोनमधल्या नकाशावर जुना खंदकनकाशा चढवला आणि दोन्ही जागी जाऊन उभे राहिले. पहिल्या शेतात बीट, दुसऱ्या शेतात बीट. मधे मोटारीने दहा मिनिटं. "आमच्या कामात अक्षर चुकलं तर फाइल परत येते," मामा म्हणाला. "तिथं मुलगा परत आला नाही."

आजी इतका वेळ ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "मग आईबापाला कळलं का?"

"नाही, आई. दोघंही गेले होते."

आजीने कपाळावर क्रुसाची खूण केली.

ज्यांना चौकोनच मिळाला नाही

गोष्ट इथे संपवली असती तर बरी वाटली असती. पण आपण बेळगावात राहतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या शहरात आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचं मोठं रण फ्रान्समध्ये नव्हतं, मेसोपोटेमियात होतं, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कूट या गावाच्या वेढ्यात त्या होत्या. तिथे बेपत्ता झालेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं. त्यावर ४० हजारांहून जास्त माणसांची आठवण आहे. पण साध्या भारतीय शिपायांची नावं दगडावर कोरली गेली नाहीत. पलटणीचं नाव, आणि पुढे संख्या.

दगड सगळ्यांना एकसारखा, हा नियम मी वर लिहिला. एप्रिल २०२१ मध्ये आयोगानेच स्वतःचा अहवाल प्रसिद्ध करून कबूल केलं की हा नियम सगळ्यांना लागू झाला नाही. आशिया आणि आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांची आठवण असमान रीतीने ठेवली गेली. आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं अशी, की त्यांची आठवण नावाने ठेवली गेली नाही, काहींची मुळीच नाही. आयोगाने माफी मागितली.

मी हे वाचलं तेव्हा किपलिंगच्या गोष्टीचा अर्थ माझ्यासाठी बदलला. जॉनच्या बाबतीत अक्षर चुकलं होतं. चूक होती म्हणूनच ती ७३ वर्षांनी दुरुस्त करता आली. ज्यांचं अक्षरच कुणी लिहिलं नाही, त्यांच्या बाबतीत दुरुस्त करायला काय आहे? चुकीची नोंद ही वाईट गोष्ट. पण नोंदच नसणं त्याहून वाईट.

म्हणून सर्व्हेअर अशा दौऱ्यांवर जातात. नवीन यंत्र बघायला नाही, ती त्यांच्याकडे जास्त चांगली आहेत. आपण लिहिलेला आकडा शंभर वर्षांनी कुणाच्या कामाला येईल, आणि तेव्हा विचारायला आपण नसू, हे बघायला जातात. मामाने आणलेला नियम साधा आहे : एकाने लिहायचं, मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने जमिनीकडे बघून ऐकायचं. मग उलट.

परत जायच्या आदल्या दिवशी तो आजीला आणि मला घेऊन दफनभूमीत गेला. आजीचे वडील, माझे पणजोबा, तिथे आहेत. त्यांच्या कबरीवर लाकडी क्रूस होता, तो कधीच कुजून पडला. दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आजी अंदाजाने जाऊन मेणबत्ती लावते : आंब्यापासून चार पावलं. आंबा तीन वर्षांपूर्वी तोडला. आता ती जागा फक्त आजीच्या पायांना ठाऊक आहे, आणि आजी ८१ वर्षांची आहे.

आजी चालत गेली आणि एका जागी थांबली. मामाने टेप काढली. फाटकाच्या उजव्या खांबापासून एक अंतर, कुंपणाच्या कोपऱ्यापासून दुसरं. मी वहीत लिहून घेतलं आणि मोठ्याने वाचलं, त्याने टेपकडे बघत ऐकलं. मग त्याने वाचलं, मी बघितलं.

आकडे जुळले. मग आजी म्हणाली, "आता मला पण एकदा वाचून दाखवा."